उलट्या मोटारीतून देवीला

माझी मोटार डोंगर उलटा चढायची. यात माझं काही कसब नव्हतं आणि मोटारीलाही वेड लागलं नव्हतं. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि तिथून पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे वाहत जायचं. सपाटीवर ठीक. चढावर तोंड वर झालं की टाकी खाली आणि इंजिन वर, मग पेट्रोल पोचायचं नाही आणि ती दोन ठसके देऊन बंद पडायची. तीच फिरवून तिची मागची बाजू डोंगराकडे केली की इंजिन खाली यायचं, पेट्रोल भरपूर मिळायचं, आणि उलटा गिअर सगळ्यात जोरकस असल्यामुळे ती कुरकुरत का होईना वर सरकायची. खोपोलीच्या ज्या मेस्त्रीकडून मी ती घेतली त्याने हे मला सांगितलं खरं, पण मोटार माझी झाल्यावर.

मी ती कर्जत स्टेशन ते कशेळे अशी उतारूंसाठी चालवायचो. कशेळ्याच्या अलीकडे एक टेकाड होतं. तिथे मोटार फिरवून घ्यावी लागे आणि आतली दहा-अकरा माणसं कोंबड्या-टोपल्यांसकट कर्जतकडे तोंड करून कशेळ्यात शिरायची. बाजारातले लोक पहिल्यांदा खूप हसले. मग हसायचे थांबले, कारण संध्याकाळी त्यांनाही तिच्यातूनच घरी जायचं असायचं.

आईला मात्र ती मोटार पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. ती घेण्यासाठी मी घरची बैलजोडी विकली होती. बैल निदान शेण तरी देतात, ही नुसता धूर देते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझी बायको मधूनमधून मोटारीची बाजू घ्यायची, पण ती आई परसात गेल्यावर.

आता डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर नवसाचं सांगतो. मी पाच वर्षांचा असताना माझे डोळे आले ते महिनाभर बरे होईनात. पापण्या चिकटून बसायच्या. पोर आंधळं होणार असं वैदूनेसुद्धा सांगून टाकलं. आईचं माहेर कशेळ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, आणि त्या डोंगराच्या माथ्यावर एक देवी. आईने तिला बोलून ठेवलं की पोराचे डोळे वाचव, मी स्वतःच्या पायांनी येऊन तुला चांदीचे डोळे वाहीन. माझे डोळे वाचले. आईने सोनाराकडून डोळे करून घेतले आणि मिठाच्या बरणीमागे फडक्यात बांधून ठेवले. ते तिथे पंचवीस वर्षं राहिले.

याला कारणं होती. पहिल्या वर्षी वडील तापाने आजारी पडले. दुसऱ्या वर्षी आईचं आणि तिच्या भावाचं एका फणसाच्या झाडावरून भांडण झालं आणि तुझ्या दारावरून पुन्हा जाणार नाही असं ती त्याला सांगून आली. डोंगराची वाट नेमकी त्या दारावरून जात होती. पुढे दोघंही हट्टाला पेटले. बऱ्याच वर्षांनी मामा वारला आणि भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हा आईचे गुडघे गेले. आणि ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी तिचे डोळे जायला लागले.

तिच्या मते यात वैद्याला दाखवण्यासारखं काही नव्हतं. देवीला कबूल केलेले डोळे आपण दिले नाहीत म्हणून ती आपले घेऊन चालली आहे, इतकं ते सरळ होतं. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्याने नीट दिसतं असं ती म्हणायची. तोही जायच्या आत एकदा देवीला बघायचं आणि आपल्या हाताने तिचे डोळे बसवायचे, एवढंच तिने धरून ठेवलं होतं. वैशाखाच्या सुरुवातीला ती म्हणाली की पाऊस लागला की वाट बंद, आणि पुढच्या वैशाखापर्यंत हा डोळा थांबायचा नाही.

मी म्हटलं डोली करू, चार माणसं उचलून नेतील.

"चार खांद्यांवरनं मी एकदाच जानार," ती म्हणाली, "आन तवा मला कळनार नाय. कळताना मी जायाची नाय."

बैलगाडी म्हणावी तर आमचे बैल मी विकलेले, आणि पेरणीच्या तोंडावर दुसरा कोणी आपले बैल त्या डोंगरात घालायला तयार नव्हता. तेव्हा आई म्हणाली की बैल तू विकलेस, तर आता तुझी मोटार बैल होईल. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. माझे डोळे माझ्याजवळच होते.

वाट तशी होती. कोळशाच्या ठेकेदाराने डोंगरावरचं रान तोडलं तेव्हा त्याच्या गाड्यांनी जुनी पायवाटच रुंद करून ती पाडली होती. रान संपलं, ठेकेदार गेला, आणि पुढच्या पावसाळ्यांनी वाटेतली माती नेऊन दगड तेवढे ठेवले. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, असं तिचं रूप होतं. वैशाखात त्या उतारावर हिरवं म्हणून काही शिल्लक नसतं. गवत पिवळं पडून जळालेलं, दगड हाताला चटका देणारे, आणि लाल धूळ अशी की चाक बुडावं.

मोटारीचं वजन कमी व्हावं म्हणून मी तिचा टप काढून घरी ठेवला. रॉकेलचे दोन रिकामे डबे पाण्याने भरून घेतले. बायकोने भाकऱ्या आणि कांदा बांधून दिला आणि तिन्हीसांजेच्या आत परत या असं बजावलं, जणू मी गावजेवणाला निघालो होतो. पायथ्याच्या वाडीत एक ठाकर सोबतीला मिळाला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. कोळशाच्या गाड्यांमागे त्याने बरीच वर्षं काढली होती. गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा, निघाली की तो काढायचा, हे त्याचं काम होतं. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि हिचे बैल कुठे बसतात असं विचारलं. मी झाकण उघडून इंजिन दाखवलं. त्याने आत बघितलं आणि हे दमत असतील तर पाणी जवळ ठेवा असा सल्ला दिला, जो पुढे सोळा आणे खरा निघाला.

मग मी मोटार फिरवून तिची पाठ डोंगराकडे केली आणि आईला आत बसवायला गेलो.

"म्हंजे मी देवीकडं पाठ करून जायाचं?" आईने विचारलं.

मी पेट्रोलचं सगळं समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि ती खाली बसली. आमच्याकडे देवळातून बाहेर पडतानासुद्धा देवाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत पायरी उतरतात. तिने जन्मभर तसंच केलं होतं. आणि आता पंचवीस वर्षांनी नवस फेडायला जाताना सबंध डोंगरभर देवीला पाठ दाखवत जायचं, हे तिला मान्य नव्हतं. मी म्हटलं देवी समजून घेईल. ती म्हणाली की पंचवीस वर्षं तिने समजूनच घेतलं, आता तिचं समजून घेणं संपलंय.

ठाकर एवढा वेळ दगड निवडत होता. तो म्हणाला, "आमी रोज मोळी घिऊन तिच्याकडं पाठ करूनच उतारतो. ती काय बोलत नाय."

"तुमची रोजची वळख हाय बाबा," आई म्हणाली. "आमचं तसं नाय."

शेवटी मी मागची गादी उपसून काढली, तिच्या जागी पेंढा भरलेलं पोतं ठेवलं आणि आईला त्यावर मागे तोंड करून बसवलं. म्हणजे मोटारीचं तोंड कर्जतकडे, माझं तोंड अर्धं इकडे अर्धं तिकडे, आणि आईचं तोंड देवीकडे. आईचं समाधान झालं. मग तिने ऊन लागतं म्हणून छत्री उघडली.

ती आमची घरची मोठी काळी छत्री होती. ती उघडल्याबरोबर मागची सगळी वाट झाकली गेली. मी मान वळवून बघितलं तर मला फक्त काळं कापड आणि एक मोडकी काडी दिसत होती. मी म्हटलं, अगं, मला तिकडेच जायचंय, ती मिट. ती म्हणाली, मी बघते ना, मी सांगते तसं चालव.

आणि तिने सांगितलं. हे मला मान्य केलंच पाहिजे की तिने फार छान सांगितलं. मी मधलं पेडल दाबून धरलेलं, कारण ते सोडलं की उलटा गिअर सुटायचा. पायाला रग लागलेली, मान आखडलेली, इंजिन तापून फणफणत होतं, आणि मागून आईचा आवाज येत होता. जरा डावीकडं घे. आता सरळ. आता मोठा धोंडा यील, उजवीकडनं जा. आणि खरोखर धोंडा यायचा. मी मनात म्हटलं, एका डोळ्याने म्हातारीला माझ्या दोन डोळ्यांपेक्षा जास्त दिसतंय. मला तिचा अभिमानच वाटायला लागला. दर वीस-पंचवीस हातांवर मोटार दम टाकायची, ठाकर चाकाखाली दगड सरकवायचा, मी पाणी ओतायचो, आणि रेडिएटर ते पाणी पिऊन वाफ आमच्या तोंडावर सोडायचा.

अर्ध्या वाटेवर आईने मोटार थांबवायला सांगितली.

"जांभळीची सावली आली बघ," ती म्हणाली. "हितं कायम गार असतं. खाली पडल्यात का बघ रं, आनून दे चार."

मी मोटार थांबवली. ठाकराने दगड लावला. मी खाली उतरून मागे गेलो. तिथे जांभळीचा एक बुंधा होता, कमरेएवढ्या घेराचा, कुऱ्हाडीने तोडलेला आणि वर वणव्याने काळा झालेला. ठेकेदाराने ती कधीच भट्टीत घातली असणार. सावली म्हणाल तर त्या सगळ्या उतारावर एकच होती, आईच्या छत्रीची. आई त्या छत्रीखाली बुंध्याकडे तोंड करून बसली होती आणि हसत होती.

मला कळायला थोडा वेळ लागला, कारण कळून घ्यायचं नव्हतं. एक डोळा नव्हता आणि दुसराही नव्हता. ती वाट बघून सांगत नव्हती. लहानपणी ज्या वाटेने ती सरपणाला आणि देवीला जायची ती वाट तिला पाठ होती आणि ती मला पाठ म्हणून दाखवत होती. धोंडे जागचे हलले नव्हते म्हणून आम्ही तोपर्यंत जिवंत होतो. माझी मोटार, माझी आई आणि मी एका बाजूला काही नसलेल्या वाटेवरून चाळीस वर्षांपूर्वीच्या डोंगरावर उलटे चढत होतो.

मला तिचा भयंकर राग आला. घरी सांगितलं असतंस तर, असं म्हणायला मी तोंडसुद्धा उघडलं. आणि त्याच वेळी मला रडू फुटायला लागलं. ती इथे एका गोष्टीसाठी आली होती, देवीला डोळ्यांनी बघायला, आणि ते राहून गेलं होतं. कधी राहून गेलं हेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

ठाकराने बुंध्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो खालच्या अंगाला काट्यांत शिरला आणि ओंजळभर करवंदं घेऊन आला.

"जांभळं आजून कच्ची हायत," तो आईला म्हणाला. "करवंदं खावा."

आईने ती खाल्ली आणि बिया बाजूला थुंकल्या. यंदा जांभळीला उशीर झाला, एवढं ती म्हणाली. मी मोटारीच्या पुढच्या बाजूला जाऊन हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं होतं, पण मी आणखी थोडा वेळ तिथे वाकून उभा राहिलो.

पुढची वाट ठाकराने आणि मी एक युक्ती ठरवून काढली. तो मागून चालत होता. डावीकडे घ्यायचं तर त्याने काठीने मडगार्डावर एकदा ठोकायचं, उजवीकडे तर दोनदा. तोंडाने तो काही बोलणार नव्हता. आई वरून सांगतच होती, मी तिला हो हो म्हणत होतो आणि कान काठीकडे ठेवत होतो. एका वळणावर आई म्हणाली उजवीकडे, काठी वाजली दोनदा, आणि मला त्या गडबडीत एकच ऐकू आलं. डावं मागचं चाक घळीत गेलं. मोटार अशी कलंडली की आई पोत्यासकट माझ्या पाठीवर आली.

"उजवीकडं सांगितलं हुतं ना," ती माझ्या कानात म्हणाली.

वरच्या वाडीतून माणसं आली. सात-आठ जणांनी मोटार उचलून वाटेवर ठेवली. त्यांना ती वाटली त्यापेक्षा हलकी लागली, हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं. मग त्यांना त्यात मजा वाटायला लागली आणि शेवटचा चढ त्यांनी ती ढकलतच नेली. इंजिन चालू होतं, पण ते आपलं नावाला.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही माथ्यावर पोचलो. देवीचं देऊळ म्हणजे चार लाकडी मेढी आणि वर कारवीच्या काटक्यांचं छप्पर. आत शेंदूर फासलेला एक उभा दगड, गुडघ्याएवढा. शेजारी उंच बांबूवर तांबडं निशाण. आम्ही पूजा कुणाकडून करून घ्यायची म्हणून चौकशी केली तर चाकामागे दगड लावणारा आमचा ठाकरच हात धुऊन पुढे आला. तोच तिचा भगत होता. दिवसभर त्याने हे सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

मी आईला हाताला धरून देवीसमोर बसवलं. तिने कमरेची पुरचुंडी सोडली. पंचवीस वर्षांत डोळे काळे पडले होते, ते तिने पदराने चोळचोळून पुसले. भगताने मेण मऊ करून दिलं. मी हात पुढे केला तर तिने तो झटकला. एका हाताने तिने दगड चाचपला, वरून खाली, जसं घरी न सांगता आलेल्या नातवाला चाचपावं तसं, आणि दुसऱ्या हाताने एक डोळा दाबून बसवला. मग दुसरा.

"नीट बसलं का रं?"

एक डोळा होता कपाळाच्या जागी आणि दुसरा जवळजवळ हनुवटीवर. देवी एका बाजूने आभाळाकडे बघत होती आणि दुसऱ्या बाजूने माझ्या पायांकडे. मी भगताकडे बघितलं. तो छताच्या कारवीकडे बघत होता.

"नीट बसलेत," मी म्हटलं.

आईने बोटं फिरवून बघितली. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जायला बोटांना बराच प्रवास करावा लागला. मग ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली. मी बाजूला होऊन म्हटलं, सरळ करतो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाकडं का हुईना, बघंल तरी."

उतरताना मोटार सरळ होती. उतारावर तोंड खाली असलं की पेट्रोलची फिकीर नसते, तिथे फिकीर ब्रेकची. कोळशाच्या गाड्यांना बांधायचे तसा भगताने एक मोठा ओंडका मोटारीच्या मागे दोराने बांधला, म्हणजे तो घासत येऊन मोटारीला धरून ठेवील. आई पुन्हा पोत्यावर मागे तोंड करून बसली. तसं बसलं की चढतानाही देवीकडे तोंड आणि उतरतानाही देवीकडेच तोंड. पेट्रोलची टाकी सीटखाली ठेवणाऱ्या त्या परदेशी माणसाला आमच्या देवळाची रीत आमच्याहून जास्त कळली होती की काय, कोण जाणे. भगत पायथ्यापर्यंत आला, त्याने ओंडका सोडला आणि तो तोच ओंडका खांद्यावर टाकून परत वर निघाला.

वाटेत आई थोड्या थोड्या वेळाने विचारत होती, निशाण दिसतंय का अजून. माझी नजर पुढे, चाकांसमोरच्या दगडांवर. मागे बघायची सोय नव्हती. मी म्हणायचो, दिसतंय. मामाच्या दारावरून गेलो तेव्हा तिने विचारलं, मी म्हटलं दिसतंय. शेतांच्या बांधांवरून गेलो तेव्हा विचारलं, मी म्हटलं दिसतंय. दरवेळी ती त्या बाजूला हात जोडायची.

कशेळ्याच्या जवळ आलो तेव्हा तिने पुन्हा विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं.

"सुक्या म्हावऱ्याचा वास यायला लागला," ती म्हणाली. "म्हंजे कशेळ्याचा बाजार आला. कशेळ्यातनं निशाण कवाच दिसत नाय रं. मंधी ह्या अंगाचं दुसरं टेकाड हाय."

मी मोटार हळू केली.

"तुला जांभळीपाशी कळलं ना?"

मी हो म्हटलं.

"त्यो ठाकर मागनं ठोकत हुता, ते बी आयकलं मी. डोळं गेलं, कान नाय गेलं." मग म्हणाली, "थांबव आता. मला पुढं बसव."

मी मोटार थांबवली. तिला हाताला धरून उतरवलं आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. मोटार आल्यापासून ती तिथे कधी बसली नव्हती. तिने पुढची काच चाचपली, दार चाचपलं, पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवले.

"आता पुढं काय दिसतंय त्ये सांग," ती म्हणाली. "आन खरं सांग."

मी सांगितलं की बाजार उठलाय, दोन बाया टोपल्या डोक्यावर घेऊन चालल्यात, आणि रस्त्याच्या मधोमध एक तांबडं कुत्रं झोपलंय, भोंगा वाजवला तरी हलत नाही.

"मंग थांब जरा," आई म्हणाली. "उठंल त्ये."

आम्ही थांबलो.